लूप दर फेरीला अडखळतो? पेडल विकायला काढण्याआधी हे तपासा

लूप पेडल म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तोच पुन्हा पुन्हा फिरवणारं, पायाने चालवायचं यंत्र; त्या तुकड्यावर आणखी काही रेकॉर्ड केलं की नवा थर चढतो. ते शिकवताना माझ्याकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "पहिला थर बरा वाटतो, दुसरा टाकला की सगळं विस्कटतं." गिटारवाला असो, हार्मोनियम घेऊन बसणारी गायिका असो, की बीटबॉक्स करणारा कॉलेजातला मुलगा. तोवर बहुतेकांनी पेडलमध्येच दोष आहे असं ठरवून टाकलेलं असतं, आणि काहींनी त्याहून महागडं पेडल बघूनही ठेवलेलं असतं. खरोखर बिघडलेलं पेडल मात्र क्वचित निघतं. म्हणून फुकटच्या तपासण्या आधी घेतल्या आहेत, खर्चाच्या शेवटी.

लक्षणं

तुमच्या लूपला यातलं नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. दोन-तीन गोष्टी एकत्रही असू शकतात.

- लूप फिरून पहिल्या मात्रेवर येताना दर वेळी त्याच जागी ठेच लागते. कधी मात्रा गिळल्यासारखी वाटते, कधी मध्ये पोकळी राहते.
- सांधा, म्हणजे लूपचा शेवट सुरुवातीला जुळतो ती जागा, ठीक आहे, पण तबल्याबरोबर किंवा मोबाइलच्या तबला ॲपबरोबर लूप हळूहळू मागे पडतो नाहीतर पुढे पळतो.
- दुसरा थर वाजवताना तालात वाटतो, ऐकताना मात्र मागे पडलेला असतो.
- पहिल्या मात्रेवर एकच सूर अगदी लागोपाठ दोनदा ऐकू येतो.
- सांध्यावर 'टक' होतं, किंवा सूर कात्रीने कापल्यासारखा तुटतो.
- दर फेरीला लूप गढूळ आणि मोठा होत जातो.
- पाय एकदा दिला, पेडलने दोनदा मोजला.

आधी ही एक चाचणी

फोनवर मेट्रोनोम मिनिटाला १२० ठोक्यांवर लावा. गिटारच्या तारा हाताने दाबून नुसते ठोके वाजवा, गाणारे असाल तर माइकपुढे टाळ्या द्या. १६ मात्रांचा लूप करा, म्हणजे बरोबर ८ सेकंदांचा. आता हात खाली ठेवा, मेट्रोनोम चालूच राहू द्या, आणि लूपच्या दहाएक फेऱ्या ऐका.

ठोके आणि मेट्रोनोम यांच्यातलं अंतर दर फेरीला तेवढ्याच हिशेबाने वाढत गेलं, तर लूपची लांबी चुकली आहे. म्हणजे पाय किंवा सेटिंग. अंतर पहिल्यापासून आहे पण वाढत नाही, तर लांबी बरोबर आहे आणि आवाज कुठेतरी उशिरा पोचतोय. दोन्ही नाही, तरीही गाणं बिघडतं, तर प्रश्न तुमच्या ऐकण्याचा किंवा लयीचा आहे. त्याबद्दल पुढे बोलू.

लांबीची चूक दिसते त्यापेक्षा महाग पडते. समजा, पाय ३० मिलिसेकंद उशिरा पडला. एका फेरीत एवढं कुणाला कळणारही नाही. पण लूप दर फेरीला तेवढाच लांब असतो, त्यामुळे आठ फेऱ्यांनंतर तो मेट्रोनोमच्या २४० मिलिसेकंद मागे असतो. १२० च्या लयीत मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे लूप जवळजवळ अर्धी मात्रा सरकला. एकटे वाजवत असाल तर हे कळत नाही, कारण लूप स्वतःशी जुळलेलाच असतो. तबलजी शेजारी बसला की कळतं.

जुना लूप पुसला आहे का?

अर्ध्या मिनिटाचं काम, पण सगळ्यात आधी करा. बऱ्याच पेडलांत थांबवणं आणि पुसणं या वेगळ्या क्रिया आहेत. तुम्ही थांबवलेला लूप आत तसाच असतो, आणि पुढचं वाजवलेलं त्याच जुन्या लांबीवर थर म्हणून चढतं. नवा लूप मध्येच तुटतोय असं वाटतं ते त्यामुळे. लूप थांबलेला असताना पेडल दाबून धरलं की बहुतेक ठिकाणी तो पुसला जातो. दिवा विझला की नाही ते बघा.

पाय कधी पडतो?

निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिली चूक: शेवटची मात्रा वाजवून झाली, "झालं" असं वाटलं, आणि पाय दिला. सोळावी मात्रा वाजली म्हणजे आवर्तन संपलं नाही. सोळाव्या मात्रेची पूर्ण लांबी सरून पुढची सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, येते, तेव्हा ते संपतं. पाय त्या समेवर पडायला हवा. सोळाव्या मात्रेच्या ठोक्यावरच दाबलं तर लूप पंधरा मात्रांचा होतो, आणि दर फेरीला एक मात्रा गिळली जाते. ज्यांनी तबला किंवा कथक शिकलंय त्यांना एवढंच सांगते, की तिहाईचा शेवटचा 'धा' जिथे येतो तिथे पाय. त्यांना पुढचं काही सांगावं लागत नाही.

दुसरी चूक सुरुवातीला होते. पेडल दाबायचं, मग हात तारांवर नेऊन नीट ठेवायचा, मग वाजवायचं. मधला तो पाव-अर्धा सेकंदही पेडलने इमानदारीने रेकॉर्ड केलेला असतो, आणि लूप फिरून आला की तीच पोकळी सांध्यात ऐकू येते. उपाय एकच. रेकॉर्ड करण्याआधीच तोच तुकडा दोन-तीन आवर्तनं गोल वाजवत राहायचा, हात न थांबवता एका समेवर पाय द्यायचा आणि पुढच्या ठरलेल्या समेवर पुन्हा. रेकॉर्डिंग चालू आहे म्हणून हात वेगळं वागता कामा नये.

तिसरी गोष्ट पायाची ठेवण. पाय हवेतून खाली आणला तर त्याला प्रवास करावा लागतो, आणि तो दर वेळी सारखा नसतो. टाच जमिनीवर, चवडा स्विचवर नुसता टेकलेला, आणि समेला फक्त दाब. जाड सोलचे बूट नकोत, चप्पल तर नकोच. घरी अनवाणी सराव करून कार्यक्रमाला बूट घालणाऱ्यांचा पहिला लूप हमखास उशिरा बंद होतो. काही पेडलं दाबल्यावर प्रतिसाद देतात, काही पाय उचलल्यावर. तुमचं कुठलं ते सावकाश दाबून, दिव्याकडे बघून ओळखा. दुसऱ्या जातीचं असेल तर पाय आधी दाबून ठेवायचा आणि समेवर उचलायचा.

मांडी घालून बसणाऱ्यांचं काय? बैठकीत पाय मोकळा नसतो, आणि पुढे वाकून हाताने पेडल दाबलं की हार्मोनियमचा भाता नाहीतर तानपुरा सुटतो. बॉस कंपनीच्या आरसी-५०५ सारखी टेबलावर ठेवून बोटांनी चालवायची यंत्रं बीटबॉक्सवाल्यांत लोकप्रिय आहेत, ती बैठकीलाही चालतात. पण विकत घेण्याआधी एक स्वस्त वाट बघा. कित्येक पेडलांना मागे बाहेरचा फुटस्विच जोडता येतो. तो गुडघ्याजवळ ठेवून हाताच्या तळव्याने दाबता येतो.

आवाज आला की आपोआप रेकॉर्डिंग सुरू करण्याची सोय काही यंत्रांत असते. ठोक्याच्या वाद्याला ती बरी. गायनात मात्र श्वास किंवा खाकरण्यानेच ती सुरू होते, नाहीतर हलका लागलेला सूर उंबरठा ओलांडेपर्यंत त्याची सुरुवात कापली जाते. शिवाय ती फक्त सुरुवात सांभाळते, बंद करायला पाय लागतोच.

शिकताना पहिला थर सुराचा न घेता ठोक्यांचा घ्या. स्कॉटिश गायिका केटी टन्स्टलने २००४ साली बीबीसीच्या कार्यक्रमात एकटीने पेडलवर गाणं उभं केलं, त्यानंतर लूपिंग घराघरांत पोचलं. तिच्याही थरांत आधी ठेका आहे, सूर नंतर. ठोक्याला टोक असतं, त्यामुळे सम नेमकी कुठे आहे ते पायाला कळतं. लांबवलेल्या सुराला तसं टोक नसतं.

पेडल बंद झाल्यावर काय करतं?

इथे चांगल्या तालातले लोकही अडकतात. लूप बंद करायला दिलेल्या दुसऱ्या दाबानंतर पेडल काय करेल, हे प्रत्येकाचं वेगळं आहे. टीसी इलेक्ट्रॉनिकचं डिट्टो दुसऱ्या दाबाला नुसतं वाजवू लागतं, तिसऱ्याला थर घेतं. बॉसचं आरसी-१ दुसऱ्या दाबाला थेट थर घ्यायला लागतं, आणि तिसऱ्याला वाजवतं.

वर मी "हात थांबवू नका" म्हटलं ते डिट्टोसारख्याला पूर्ण लागू आहे. आरसी-१ वर तसंच केलंत, तर बंद झाल्यावर वाजवलेले सूर पहिल्या मात्रेवर पुन्हा चढतात. लक्षणांत लिहिलेला जुळा सूर तो हाच. अशा पेडलवर शेवटचा सूर किंवा कॉर्ड समेपलीकडे घुमू द्यायचा, पाय समेवर द्यायचा, नवं काही वाजवायचं नाही, आणि घुमणं विरलं की पुन्हा पाय. या क्रमाचा फायदाही आहे. घुमत राहिलेली शेपटी पहिल्या मात्रेवर सुरेख जाऊन बसते, सूर कापल्यासारखा वाटत नाही. डिट्टोच्या जातीच्या पेडलवर तीच शेपटी तुटते आणि सांध्यावर 'टक' होतं. आरसी-५ सारख्या पेडलांत हा क्रम सेटिंगमधून बदलता येतो. मग गिटारच्या तुटक ठेक्याला एक आणि तानपुऱ्यासारख्या षड्जाला दुसरा, असं ठेवा.

एकाच स्विचच्या पेडलवर थांबवायला दोनदा भराभर दाबावं लागतं. लूप वाजत असताना त्यातला पहिला दाब क्षणभर थर उघडतो. तेवढ्यात तारा वाजल्या तर तो खरखराट लूपमध्ये बसतो आणि पुन्हा सुरू केल्यावर ऐकू येतो. थांबवताना तारा दाबा, माइक तोंडापासून दूर.

नुसत्या षड्जाचा किंवा ढगांसारख्या सुरांचा लूप करणाऱ्यांना यातलं बरंच सोडून देता येईल. गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो यांनी सत्तरच्या दशकात दोन रिव्हॉक्स टेप मशीनांतून एकच फीत फिरवून जे केलं त्यात बंद करायचा क्षणच नव्हता. दोन मशीनांमधलं अंतर आणि फितीचा वेग, एवढ्यावर लांबी ठरायची. तिथे सम नाही, त्यामुळे ठेचही नाही. तुमचं संगीत त्या वळणाचं असेल तर आवाज हळू वाढवत सुरुवात करा आणि सूर चालू असतानाच बंद करा. सांधा दिसत नाही. ठेक्याच्या लूपचा सांधा मात्र गिरणीच्या पट्ट्याच्या जोडासारखा असतो, दर फेरीला 'फट्' म्हणून सांगतोच.

पेडलचा ठेका आणि तुमचा ताल

पेडलमधला ठेका चालू असेल तर बरीच यंत्रं पाय थोडा चुकला तरी लांबी पूर्ण मात्रांवर किंवा पूर्ण बारवर आणून बसवतात. चारच्या गाण्याला वरदान आहे. पण चारचा ठेका लावून तुम्ही रूपक वाजवलात, तर सात मात्रांवर बंद केलेला लूप यंत्र आठांवर ताणू शकतं. मग शेवटी एक मोकळी मात्रा उरते आणि विद्यार्थी स्वतःच्या पायाला दोष देत बसतो. केरवा आठचा, तीनताल सोळाचा, ते चारच्या हिशेबात बसतात. दादऱ्याला सहाचा किंवा तीनचा हिशेब लावा, झपतालाला पाचाचा दोनदा, रूपकाला साताचा. तो हिशेब यंत्रात नसेल तर ठेका आणि आपोआप बसवणं दोन्ही बंद करून पायावर भरवसा ठेवा.

आवाज उशिरा पोचतोय

चाचणीत अंतर न वाढणारं निघालं असेल तर आधी ब्लूटूथ बघा. घरी सरावाला ब्लूटूथ स्पीकर किंवा इअरफोन लावणारे खूप आहेत. त्यात सहज १०० ते २०० मिलिसेकंद उशीर असतो. लूप तुम्हाला उशिरा ऐकू येतो, तुम्ही त्याला धरून वाजवता, आणि तुमचा थर तेवढाच मागे रेकॉर्ड होतो. तिसरा थर त्याहून मागे. शंभरेक रुपयांची ऑक्स वायर लावा आणि पुन्हा चाचणी घ्या. वायरने फरक पडला तर इथेच थांबा, बाकीचं तपासायची गरज नाही.

लॅपटॉप किंवा आयपॅडवर लूप करत असाल तर बफर बघा, म्हणजे यंत्र एका वेळी किती आवाज साठवून मग पुढे सोडतं ते सेटिंग. ४८ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद, आणि आवाजाला आत येताना व बाहेर जाताना असा तो दोनदा भरावा लागतो. २५६ वर आणलात तर एका बाजूचे ५ मिलिसेकंद. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा स्वतःचा आसिओ (ASIO) ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर, टाका. बफर फार कमी केल्यावर कडकड ऐकू आली तर एक पायरी वर.

स्टेजवर स्पीकर लांब असला तरी हेच होतं. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. दहा मीटरवरच्या स्पीकरला धरून वाजवलंत तर ३० गेले. मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, पायाजवळ मागून घ्या. साउंडवाला कुरकुरेल, कुरकुरू द्या.

तबल्याबरोबर सरकतो

ॲप आणि लूप समांतर चालवायचा हट्ट सोडा. ॲपचा ठेकाच पहिला थर म्हणून रेकॉर्ड करा, समेवर बंद करा, आणि ॲप थांबवा. आता घड्याळ एकच उरलं. दोन यंत्रं जोडायचीच असतील तर मिडी क्लॉकने, म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला पाठवलेल्या लयीच्या इशाऱ्याने, एकाला दुसऱ्याच्या मागे बांधा.

जिवंत तबलजीला लूप स्पष्ट ऐकू आला पाहिजे. त्याच्या मॉनिटरमध्ये लूप तुमच्या वाद्यापेक्षा मोठा ठेवा. तरीही भजनात हे अवघड जातं, आणि त्यात चूक कुणाचीच नसते. पखवाज आणि टाळ रंगले की लय चढतेच, चढायलाच हवी. लूप चढत नाही. मी भजनाला फक्त षड्ज-पंचमाचा लूप ठेवायला सांगते, ठेक्याचा कधीच नाही.

लूप गढूळ होत जातो

हा प्रश्न माइकवाल्यांचा. थर घेताना स्पीकरमधून येणारा जुना लूपही माइकमध्ये शिरतो आणि पुन्हा रेकॉर्ड होतो. दर थराला पहिला ठेका जाड होतो, त्याभोवती घुमारा येतो, शेवटी शिट्टी. माइकची पाठ स्पीकरकडे करा, माइक तोंडाच्या किंवा तबल्याच्या जवळ आणा, लूपचा आवाज कमी करा, जमलं तर हेडफोन लावा. थर संपला की लगेच ओव्हरडब, म्हणजे नवा थर घेणं, बंद करा. तो उघडा ठेवून बोलत बसलात तर तेही चढतं. गिटारवाल्यांनी प्रतिध्वनी देणारं डिले पेडल लूपरच्या आधी लावावं. नंतर लावलं तर आख्ख्या लूपला प्रतिध्वनी लागतो आणि लय धूसर होते.

वीज आणि स्विच

पेडल मध्येच बंद पडून सुरू होतं, किंवा भणभण येते, तर अडॅप्टर बघा. बॉससारख्या पेडलांना ९ व्होल्ट आणि अडॅप्टरच्या टोकाचा मधला खांब ऋण लागतो. घरातल्या कीबोर्डचा अडॅप्टर टोकाला बसतो म्हणून लावू नका. त्यातले काही १२ व्होल्टचे आणि मधला खांब धन असलेले असतात. एकाच वायरवरून पाच-सहा पेडलांना वीज दिली असेल तर लूपरला वेगळा अडॅप्टर देऊन बघा. डिजिटल पेडलांना वीज जास्त लागते आणि त्यांचा आवाज शेजाऱ्यांत उतरतो.

एक दाब दोनदा मोजला जात असेल तर आधी पाय उसळतोय का ते हाताने दाबून बघा. हातानेही होत असेल तर बाहेरचा फुटस्विच लावा. त्याने बरोबर चाललं तर पेडलचा स्वतःचा स्विच झिजला आहे.

कधी थांबायचं

माइक ओठांना लागला की मुंग्या किंवा चटका बसतो, किंवा एका हातात गिटार आणि दुसऱ्यात माइक धरला की झिणझिणतं: तत्काळ थांबा. वाजवणं बंद, प्लग काढा. अर्थिंग नसल्याचं हे लक्षण आहे, मांडवात जनरेटरवर चालताना तर हमखास. "दोन गाणी उरलीत" म्हणून उरकू नका. प्लगची तिसरी पिन काढून भणभण घालवणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. वायरमन बोलवा, त्याने अर्थिंग तपासल्याशिवाय हात लावू नका.

पेडलला जळका वास आला, किंवा उलट अडॅप्टरनंतर ते सुरूच होत नाही: पुन्हा वीज देऊन बघू नका, दुरुस्तीला द्या.

झिजलेला स्विच: बाहेरच्या फुटस्विचवर काम भागत असेल तर तसंच चालवा. बदलायचाच असेल तर सोल्डरिंग येणाऱ्याकडे. वॉरंटी शिल्लक असताना स्वतः स्क्रू उघडू नका.

आणि चाचणीत लांबी बरोबर, उशीर नाही, तरी तुमचा दुसरा थर दर वेळी सरकतो: मग पेडलच्या सेटिंगमध्ये आणखी वेळ घालवू नका. तबल्याच्या गुरुजींकडे जा. त्यांना लूपिंग माहीत नसलं तरी चालेल. "मला हाताने ताल देत गाता येत नाही" एवढं सांगा. ते टाळी, खाली आणि मात्रा मोजत वाजवायला लावतील, कंटाळा येईल, आणि काही महिन्यांत पाय आपोआप समेवर पडायला लागेल.

पेडल दुरुस्तीला देत असाल तर त्यातले लूप आधी यूएसबीने कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. यूएसबी नसेल तर आउटपुट फोनच्या रेकॉर्डरला जोडून वाजवून ठेवा. दुरुस्तीनंतर मेमरी कोरी येऊ शकते. पेडलबरोबर अडॅप्टरही द्या, आणि बिघाड कधी होतो ते चिठ्ठीवर लिहा: गरम झाल्यावर, जोरात दाबल्यावर, की ठरावीक अडॅप्टरवरच.